ओळ क्रमांक एकशे बारा

बैरिकीच्या सरकारी इमारतीत,
जिथे पंखा सुरू झाला की कागद उडतात
आणि बंद पडला की माणसं,
नेई रुता वचनांची वही सांभाळते.

रकाने चार:
जाहीर. मंजूर. वितरित. पोचले.
पहिल्यात आकडे मावत नाहीत,
शून्यं समासात सांडतात.
चौथ्यात तिला अक्षर बारीक काढावं लागत नाही.

सात वर्षांत कळलं ते एवढं:
‘नवीन आणि अतिरिक्त’ म्हणजे बहुतेकदा
जुनंच, धुऊन वाळत घातलेलं.
पाण्याची एकच टाकी
एकदा आरोग्यात मोजली गेली, एकदा महिलांत,
गेल्या खेपेस हवामानात.
टाकी तीच. गळते तीही तिथूनच.
कर्जसुद्धा देणगीच्या पंगतीला बसतं
आणि जेवून उठल्यावर ओळख दाखवतं.
सल्लागाराचं विमानभाडं ही मदत,
तो परत जातो ते भाडंही.

आईला हे काम समजावता येत नाही.
“म्हणजे उधारी वसूल करतेस?”
“नाही गं. लिहून ठेवते फक्त.”
“मग न देणाऱ्याला काय होतं?”
रुता तव्यावरचा मासा उलटते.

ऑगस्टात पडताळणीसाठी बोट मिळाली.
आबाइयांगच्या टोकाचं एक गाव,
ओळ क्रमांक एकशे बारा:
समुद्राला बांध, चारशे मीटर,
वितरित, शंभर टक्के.

बांध होता. एकसष्ट पावलं.
त्यापुढे सिमेंटच्या गोण्या, गोण्यांतच दगड झालेल्या,
त्यांच्यावर कुणाचं तरी जाळं वाळत पडलेलं.
बाबाईच्या खड्ड्यांत खारं पाणी,
हातभर पानं कडेकडेनं पिवळी.
देणाऱ्यांच्या नावांचा फलक
डुकरांच्या खोपटावर छप्पर होऊन बसलेला,
अक्षरं आतल्या बाजूला.
वाचायची ती डुकरांनी.

मानेआबाच्या सावलीत म्हातारे बेनियामिना.
“बघू तुझी वही.”
चष्मा नव्हता. त्यांनी ती हातावर तोलली,
परत दिली,
आणि उठून तिला एका खांबापाशी नेलं.

नारळाचा खांब, काळा पडलेला.
एका अंगाला खाचा.
“ही बघायला आलेली माणसं. एक खेप, एक खाच.”
सतरा.
“आणि या अंगाला पाणी. दर मोठ्या भरतीचं.”
ती मोजायला वाकली,
मोजता मोजता सरळ होत गेली.
सगळ्यात वरची खाच
तिच्या गुडघ्याच्या वर चार बोटं.

“आणि मिळालं ते कुठे कोरता?”
म्हातारे हसले. दात थोडे होते.
“मिळालेलं काय कोरायचं? ते वापरायचं.”

मग कंबरेचा सुरा काढला.
तिला वाटलं, शहाळं सोलणार.
त्यांनी खांबाची पहिली बाजू चाचपली,
शेवटच्या खाचेवर अंगठा ठेवला
आणि अंगठ्याच्या वर अठरावी पाडली.
राग नव्हता त्यात.
ढलपी तिच्या चपलेवर पडली.
नंतर शहाळंही सोललं,
पाणी गोड आहे का, हे दोनदा विचारलं.
होतं. जवळजवळ.

परतीच्या बोटीत ती वही उघडून बसली.
इंजिनच्या थरथरीनं अक्षर हलत होतं.
पोचले: एकसष्ट पावलं.
पावलांचे मीटर करावे लागतील,
लांबच्या त्या कार्यालयातलं कोष्टक
पावलं घेत नाही.

शेऱ्याची जागा दोन बोटं रुंद.
तिथे तिनं लिहिलं:
अधिकारी आली. पाहून गेली.
मग ‘पाहून गेली’ खोडलं.
जरा वेळानं,
रीफ ओलांडून बोट खोल पाण्याला लागल्यावर,
पुन्हा लिहिलं.