आत घेण्याआधी

रात्रीचे सव्वादोन. राजारामपुरी, नववी गल्ली.
खालच्या पानपट्टीचं शटर कधीच पडलंय.
पडद्यावर तीच ओळ, सतराव्यांदा:
पाहुण्याची अवस्था अवैध.

एवढंच.
शंभरावर रकाने, त्यातला कुठला चुकला
हे प्रोसेसर सांगत नाही.
उंबऱ्यावरूनच परत पाठवतो
आणि तोंड फिरवतो.

पाहुणा तसा साधासुधा.
चिखलीच्या दूध संस्थेचा हिशेब ठेवायचा.
ज्या यंत्रात राहायचा ते भंगारात गेलं,
उरली एक फाईल:
पुराचं पाणी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर असताना
कुणीतरी घाईघाईनं गोठवलेला क्षण.
तशातही चारदोन जण कॅन घेऊन आले होते.
मालन निगवेकरांच्या म्हशीचं दूध मापात आहे,
फॅट सहा पॉइंट,
पुढचा आकडा पडायचाय.
मधे सहा वर्षं गेली, त्याला पत्ता नाही.

आमचे अण्णा उद्यमनगरात
एकतीस वर्षं कास्टिंग तपासत होते.
खिशात दोन टोकांचं गेज,
एक टोक आत गेलंच पाहिजे, दुसरं जाता कामा नये.
एकदा एक नवा पोरगा
नुसतं 'रिजेक्ट' लिहून मोकळा झाला.
अण्णांनी त्याला बोलावून हातात खडू दिला.
"व्हय, टाकाऊ हाय. पर कुठं?
वतणाऱ्याला कळाय नको?"

मीही खडू घेते.
म्हणजे एक प्रोग्राम लिहिते,
प्रोसेसरच्या आधी दारात उभा राहणारा,
एकेक रकाना हातात घेऊन फिरवून बघणारा.

फ्लॅग्जच्या रजिस्टरात दुसरा बिट कायम एक हवा.
का, ते विचारू नये.
नव्या सुनेनं उजवा पाय आधी टाकावा, तसं काहीसं.
पेजिंग चालू असेल तर संरक्षणही चालू हवं.
पत्ता कितीही लांब असो,
सत्तेचाळीस नंबरच्या बिटात जे आहे
तेच वर शेवटपर्यंत हवं;
गावात एक नाव आणि तालुक्याला दुसरं
असं इथं चालत नाही.

बरोबर.
बरोबर.
हेही बरोबर.
चहा गार झाला.

मग टास्क रजिस्टर.
तिथं लिहिलंय: मोकळा.
तिथं हवं: गुंतलेला.

एक बिट. फक्त एक.
त्या रात्रीच्या धांदलीत कुठल्या जुन्या सॉफ्टवेअरनं गिळला
देव जाणे.
पण ज्याच्या मापात दुसऱ्याचं दूध आहे
तो मोकळा कसा असेल?

इरफान मुजावरचा मेसेज येतो:
सातला संकलन सुरू होतंय, कोरं मशीन बसव,
तो जुना क्षण कुणाला हवाय?
खरंय. सगळे रकाने कोरे भरले
तर प्रोसेसर हसत आत घेईल.
पण आत जाईल तो दुसराच कुणी,
ह्याचे कपडे घातलेला,
चिखलीची वाट न माहीत असलेला.

मी तेवढा एक बिट उचलते.
आणि नोंद करते, खडूनं गोल करावा तशी:
कुठं, टास्क रजिस्टर. होतं, मोकळा.
केलं, गुंतलेला.
कुणी, स्वरूपा मगदूम. वेळ, दोन एकावन्न.
उद्या कुणी विचारलं तर
हात झटकायला नकोत.

एंटर.

ओळ आली नाही.
पंखा जरा जोरात फिरला, इतकंच.
पाणी किती चढलं, कोण कोण गेलं,
त्यानं काही विचारलं नाही.
जिथं थांबला होता तिथूनच पुढं लिहिलं:
चार.
सहा पॉइंट चार.
आणि पावती छापायला प्रिंटर शोधू लागला,
जो पुरात गेला.

सकाळी अण्णा दात घासता घासता विचारतात,
"आलं का तुझं पाव्हणं?"
आलं, अण्णा.
बसलंय. कागद मागतंय.