आठाची गोळी

सकाळी आठला, पोटात काही टाकून,
चार पांढऱ्या गोळ्या.
आठच का, मी विचारलं.
डॉक्टर नाखवाबाई म्हणाल्या,
शरीर स्वतःच पहाटे हे रसायन सोडतं,
आपण त्याची नक्कल करायची, वेळेसकट.

नक्कल.
बत्तीस वर्षं तुर्भ्याच्या मसाला मार्केटात तोलणार होतो,
मिरचीची धूळ छातीत घेऊन आलो,
भेसळ नुसत्या वासावर ओळखायचो.
ही मात्र अंगाला ओळखता आली नाही.

पहिल्याच आठवड्यात रात्री दोनला टक्क जागा.
कोपरखैरण्याच्या बैठ्या खोलीत
मी डबे उतरवले, पुसले, परत लावले.
यमुनाने डोळे न उघडता विचारलं,
गाडी आली का?
आली होती एक, माझ्या आत.
पोत्यांवर पोती,
आणि उतरवायला मी एकटा.

भूक अशी की शिळी भाकरी, गूळ, नातवाची बिस्किटं.
तोंड गोल झालं, सोंगाच्या मुखवट्यासारखं.
मग झोपेसाठी वेगळी अर्धी गोळी, नऊला.
निळ्या प्लास्टिकच्या डबीत, वारांच्या खणांत,
आता सूर्यही आहे आणि रात्रही.
झाकण यमुना लावते.

तसं आपलं घड्याळ सरळ कधी होतं म्हणा.
तीनला ट्रक लागायचे.
कटिंग चहा, ओठामागे तंबाखूची चिमूट,
की अंग म्हणायचं, उजाडलं.
ते खोटं स्वस्त होतं.

चौथ्या महिन्यात चारच्या तीन, तीनच्या अडीच.
यमुना अडकित्त्याने गोळी कातरते,
चुरा बोटावर घेऊन मला चाटवते.
एकदम सोडायच्या नाहीत, बाई म्हणाल्या.
मूत्रपिंडावर टोपीएवढी ग्रंथी असते,
बाहेरून माल येत राहिला
की ती शटर ओढून झोपते.
हळूहळूच उठवावी लागते.

म्हणून पाचला ओट्यावर येऊन बसतो.
पावण्याकडून तो गोडूस, घशाला लागणारा वास येतो,
कारखाने अंधारातच सोडतात म्हणे;
वास विरला की समजायचं, दिवस झाला.
बरगडीखाली हात ठेवून म्हणतो,
ऊठ गं बये, बाजार उघडला.

आज काटा जरासा हलला असं वाटलं.
पण वाटण्यावर
मी कधी माल तोलला नाही.