साडेतेवीसची वाट पाहताना

सकाळी सातला मी चौथ्या ब्लॉकात उतरते,
खिशात रिफ्रॅक्टोमीटर, तोंड मफलरमध्ये.
शंभर मणी : उन्हाकडचे, सावलीकडचे,
घडाच्या खांद्यावरचे, शेपटीचे.
पिशवीत चुरगळून एक थेंब काचेवर,
आणि डोळा लावला की निळ्या-पांढऱ्याच्या मध्ये
एक रेघ.
आज एकोणीस पूर्णांक दोन.
कालही तेच. परवाही.

थंडीनं शिराझ थांबवून ठेवलीय.
डुंबरेभाऊ म्हणतात, मुळं गारठली,
आता साखर वर कोण वाहणार?

खरं तर वर्ष आधीच वाकडं गेलं होतं.
गोडी छाटणी झाली, डोळे फुगले,
पोपटी फुटव्यांवर घोस दिसू लागले,
आणि ज्याला आम्ही निरोप देऊन बसलो होतो तो पाऊस
विसरलेली छत्री न्यायला यावं तसा
नोव्हेंबरात परत आला.
बसला चांगला चार दिवस.
पानांच्या पाठीवर पांढरी लव.
फवारणीचा ट्रॅक्टर दुसऱ्याच ओळीत रुतलेला.
त्या आठवड्यात मी वहीत नुसते मिलिमीटर लिहिले :
अठरा. एकतीस. सात.
शून्य, पण ढगाळ.
त्या 'पण ढगाळ'मध्ये
आमचा एक एकर शेनिन गेला.

उरले ते घड विरळ.
"पावसानंच विरळणी केली, मजुरी वाचली,"
डुंबरेभाऊ म्हणाले, आणि हसले नाहीत.

मग पाच अंशांच्या रात्री.
बांधाबांधावर ओला पाला पेटवून
धुराची गोधडी ओढायची वेलींवर,
पहाटेपर्यंत ती सरकू द्यायची नाही.
एकदा धुरापलीकडे दोन डोळे चमकले.
जुन्नरात हे नवं नाही; आम्ही डबे वाजवले.
बिबट्या निघाला, पण सावकाश,
शेकून झाल्यावर उठतात तसा.

पुण्याच्या ऑफिसातून फोन :
तोडणीची तारीख सांगा, निमंत्रणं छापायचीत.
म्हटलं, वेलीला विचारून कळवते.
पलीकडे कुणीतरी खूप हसलं.

रथसप्तमीनंतर ऊन वळलं.
वीस. एकवीस पूर्णांक एक.
मी बिया चावून बघू लागले :
हिरवट, तुरट, मग एका सकाळी
भाजल्या शेंगदाण्यासारखी कुरकुरीत.
बावीस पूर्णांक आठ,
आणि त्याच दुपारी मोबाईलवर गारपिटीचा इशारा.

आज रात्रीच तोडायचं, की दोन दिवस थांबायचं?
सात दशांशांसाठी चाळीस टन पणाला लावायचे?
चिमाबाई गवारी टोळी घेऊन आली होती.
तिनं एक मणी तोंडात टाकला,
नाणेघाटाकडं बघितलं, साल थुंकली.
"आजून चार घोट ऊन लागंल त्याला."
डुंबरेभाऊंनी माझ्याकडं पाहिलं.
मी यंत्र खिशात ठेवलं.

गारा पडल्या.
आळेफाट्याच्या अलीकडं, मोरडे यांच्या बागेत,
अकरा मिनिटं.
आमच्यावर नुसता गार वारा
आणि मातीचा वास.
त्या रात्री कुणी 'वाचलो' म्हणालं नाही.
सकाळी डुंबरेभाऊ जाळ्या घेऊन मोरड्यांकडे गेले,
दुपारी जेवायला आले नाहीत.

तिसऱ्या रात्री दोनला तोडणी सुरू.
कपाळावर दिवे लावलेल्या बायका ओळींतून सरकताना
लांबून वाटतं, कुणीतरी जमिनीवरच तारे मोजतंय.
कात्रीचा आवाज, क्रेटचा आवाज,
चिमाबाईचं खोकणं.
बोटं आधी चिकट, मग जांभळी, मग बधिर.

पहाटे शेवटचा नमुना.
तेवीस पूर्णांक चार.
पुन्हा पुसलं, पुन्हा थेंब टाकला.
चारच.

वहीत तेवढंच लिहिलं.
शेरा या रकान्यात काय लिहावं सुचेना.
पेन तसंच धरून बसले,
तोवर चहा आला, आणि चिमाबाईनं विचारलं,
"ह्येची दारू कडू व्हती का गोड?"
म्हटलं, दोन वर्षांनी कळेल.
ती म्हणाली, "मंग आत्ता कशाला लिवतीस?"