तीच मी

पोवार भाऊसाहेब चष्मा कपाळावर सरकवतात
आणि बोट ओलं करून
माझे अकरा झेरॉक्स मोजतात.
"ह्यात महानंदा ए. चौगला हाय.
फॉर्मात खोत महानंदा भरमू.
ह्या दोघी कोण म्हणायच्या?"

दोघी मीच, साहेब.
एक कोगनोळी नाक्याच्या पलीकडची,
एक अलीकडची.
"आणि चौगला न्हवं बाई, आमच्यात चौगुले असतंय."
असेल.
तिकडे वडलांचं आडनाव ला वर संपतं,
इकडे ले वर.
मधे टोल लागतो.

दुपारी टाउन हॉलजवळ झाडाखालच्या टायपिस्टनं
पाचशेच्या स्टॅम्पवर खडखड उमटवलं:
वरील दोन्ही नावांची व्यक्ती एकच असून
ती मीच आहे.
तीनदा वाचलं मी.
इतक्या ठामपणे
मला हे आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

हुक्केरी तालुक्यात अकरा वर्षं शिकवलं.
कन्नड शाळा, पत्र्याचं छप्पर, दोन वर्ग एका खोलीत.
घरात मराठी, फळ्यावर कन्नड,
आणि हिशेब करताना आजही
पाढे कुठल्या भाषेत येतील सांगता येत नाही.
इथे ते सगळं एका रकान्यात बसवायचं:
समकक्षता. आहे / नाही.
लागू नसेल ते खोडा.

नवरा शिरोलीत फाउंड्रीत आहे.
रात्री भाकरी मोडत म्हणाला,
"पॅटर्न तोच असला तरी
वाळू बदलली की पुन्हा ओतायला लागतंय."
बोलून पुन्हा आमटीकडे वळला.
त्याला वाटलं, तो कामाचंच बोलला.

परीक्षेला बाक पाचवीच्या मुलांचा.
गुडघे आत जात नव्हते.
बाकावर करकटकानं कोरलेलं: विश्या लई भारी.
प्रश्न त्रेचाळीसावा:
एक मूल रडत वर्गात आले, तर शिक्षक म्हणून तुम्ही
अ) पालकांना बोलावाल
ब) दुर्लक्ष कराल
क) समुपदेशन कराल
ड) इतर मुलांना शांत बसण्यास सांगाल.

सिद्राम आठवला.
शेळी मेली म्हणून रडत आलेला,
नाकाचा शेंबूड माझ्या पदराला.
अळबेड, अळबेड म्हणत
त्याला मांडीवर घेऊनच मी
तिसरीची हजेरी घेतली होती.
शेळीचं नाव विचारलं, तर ते फळ्यावर लिही म्हणाला.
लिहिलं.
त्या दिवशीचा धडा तोच झाला.

मी क काळा केला.
गोल नीट भरला, कडेबाहेर जाऊ दिला नाही.
तरी पहिल्या वेळी सत्त्याऐंशी.
तीन कमी.
तो ळ होता की ल, ती वेलांटी पहिली की दुसरी,
तीन गुण कुठे सांडले
ते मी उचगावच्या खोलीत वर्षभर शोधत होते,
शेजारच्या पोरांच्या शिकवण्या घेत,
त्यांच्याच पुस्तकातून.
तन्मय नावाचा एक, दुसरीतला, मला तपासायचा:
"बाई, पाणी लिहिताना ण असतंय. बाणातला."
बाणातला तर बाणातला.

दुसऱ्या वेळी चौऱ्याण्णव.

नागाळा पार्कातून प्रमाणपत्र घेऊन निघाले
तेव्हा चार वाजले होते. भाऊसाहेब
पहिल्यांदाच "या बसा" म्हणाले,
मग खुर्ची नाही हे त्यांच्याच लक्षात आलं.
खोत महानंदा भरमू. पात्र.
नोकरीचं अजून काही नाही,
ती यादी वेगळी, तिची वाट वेगळी.

कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याला म्हटलं,
लॅमिनेट करून द्या.
त्यानं कागद उलटा केला,
कोऱ्या पाठीवर तळवा फिरवला.
"एवढ्यात नको, बाई.
हितं मागं कुठला ना कुठला शिक्का
मारायचा ऱ्हायलेलाच असतोय."

मी तो दुमडला नाही.
वर्तमानपत्रात घालून, छातीशी धरून
बसमध्ये उभी राहिले.
वारा होता. कागद
आतल्या आत जरा हलत होता.