इतिवृत्त

हेस्टर ब्रॉकलबँक, वय एकसष्ट,
स्केल्थॉर्प गावच्या कौन्सिलची कारकून,
गुरुवारच्या सभेचं इतिवृत्त शुक्रवारी टाइप करते.
खिडकीबाहेर उत्तर समुद्र,
कुणी मत विचारलेलं नसताना बोलत राहणारा.

मिस्टर पिंडर म्हणाले होते, खर्च झेपणार नाही.
नुसतं 'म्हणाले' त्यांना चालत नाही,
मागे एकदा तसं पत्रच आलं होतं.
म्हणून 'स्ट्रेस्ड'. पुढच्या परिच्छेदात 'अंडरलाइन्ड',
जणू माणूस पट्टी घेऊनच बसला होता.
मग 'एम्फसाइझ्ड', एस की झेड,
इथे तिचं बोट दर वेळी अडतं.
इंजिनिअर टॅन्सलींना 'हायलाइटेड':
दिवा ऑक्टोबरपासून बंद आहे
हा मुद्दा त्यांनी उजळून दाखवला.

'इन्सिस्टेड' ती जपून वापरते.
बाईच्या नावापुढे लागला की हट्ट,
पुरुषाच्या पुढे लागला की बाणा.
हे कोशात नाही. बत्तीस वर्षं टाइप करून कळलेलं.

मग मिसेस लम्ली.
कोट न काढता बसलेल्या, मांडीवर एकच हातमोजा.
म्हणाल्या, धक्क्याकडे उतरताना, तिसरी पायरी.
पिंडर घड्याळ बघत होते.
तिसरी पायरी, म्हणाल्या,
आणि आवाज एक पायरी खाली उतरला.
टॅन्सली कागद जुळवत होते.
तिसरी.
इतकं हळू, की रेडिएटरची खुडखुड
तेवढ्यापुरती आगाऊ वाटली.

हेस्टर कोश उघडते.
चहाच्या कपाची गोल खूण पडलेलं पान.
ठासणं, ठणकावणं, बजावणं, जोर देणं,
पानभर क्रियापदं, सगळी छाती काढून उभी.
आवाज उतरत जातो तसा वाढणारा भार,
त्याला एकही नाही.

'अॅसर्टेड' लिहिते. खोडते.
मिसेस लम्लींच्या अंगावर
दुसऱ्याच कुणाचा तरी कोट.
'रिपीटेड'? त्याला विसराळूपणाचा वास.
'प्लीडेड' तर नकोच,
त्या काही मागत नव्हत्या,
पायरी मोजून दाखवत होत्या.

कोश मिटते. लिहिते:

मिसेस लम्ली म्हणाल्या, तिसरी पायरी.
मिसेस लम्ली म्हणाल्या, तिसरी पायरी.
मिसेस लम्ली म्हणाल्या, तिसरी.

पुढच्या सभेत पिंडरांनी चष्मा कपाळावर चढवला.
हे चुकून तीनदा छापलंय ना?
नाही, हेस्टर म्हणाली.
म्हणजे मधल्या दोन ओळी गाळल्या तरी...
नाही.
हे दुसरं, पहिल्याहून हळू.
बिस्किटांच्या डब्याकडे गेलेला कुणाचा तरी हात
तिथेच थांबला.

इतिवृत्त जसंच्या तसं कायम झालं.
दिव्याचा विषय मे महिन्यावर ढकलला.
तेही तिनं लिहिलं.
एकदाच.