तपकिरी नावाचा घोडा नसतो

उलानबातारहून निघताना माझ्याकडे होते
पुठ्ठ्याचे तीन आकार, नऊ बोथट कात्र्या,
खळीचा डबा
आणि सात रंग.
सातवी बाटली ट्रकच्या हादऱ्यात फुटली.
माझी गादी अजून जांभळी आहे.

शाळा म्हणजे दाबलेल्या लोकरीचा एक गोल तंबू,
तीन आठवडे या ओढ्याकाठी,
मग कळप सरकले की आम्हीही सरकायचं.
मुलं येतात मोठ्या भावंडांच्या पाठीला चिकटून,
खोगिरावरून उतरवून घ्यावी लागतात,
पिठाची पोती उतरवावीत तशी.

पहिल्या दिवशी गोल दाखवला.
सगळी माना वर करून छताकडे बघत बसली.
मला वाटलं, यांचं लक्ष नाही.
मग मीही वर बघितलं :
धुराड्याच्या बाजूला, लाकडी कड्यात बसवलेलं,
आकाश.

चौकोन मात्र कुणाला सापडेना.
ज्या घराला कोपराच नाही
त्यात बसून मी विचारत होते, सांगा, घरात काय काय चौकोनी?
ओत्गोन उठला, बाहेर पळाला,
टपावर वाळत घातलेल्या दह्याची एक वडी घेऊन आला.
आम्ही तिच्याभोवती पेन्सिल फिरवली. शाबास, म्हटलं.
त्यानं वडीचा एक कोपरा कुरतडला,
उरलेली पुन्हा कागदावर ठेवली
आणि बोट टेकवत मोजलं : पाच.

पंचकोन मी पुढच्या वर्षी शिकवणार होते.

एकदा छतातून पडलेल्या उन्हाला खडूनं कड काढली.
दूध पिऊन होईस्तोवर
ऊन कडेबाहेर सांडलेलं.
पुन्हा काढली. पुन्हा सांडलं.
दावाझावला रडू आलं,
तो उन्हावर बसून राहिला, हलू नये म्हणून.

आणि मग घोडे.
आपापला घोडा रंगवा, म्हटलं,
आणि लाल, हिरवा कालवून
मोठ्या वाटीत सगळ्यांसाठी तपकिरी केला.
चिमगे, वय साडेचार, वाटीत डोकावली.
"हा कुणाचा?"
तुझा. तपकिरी.
"आमच्यात असा घोडा नाही."
शेजारच्यांच्यात असेल.
"त्यांच्यातही नाही."

तपकिरी नावाचा घोडाच नसतो, हे मला तिनं समजावलं.
झेर्द असतो. हेर असतो.
हालिउन असतो, त्याची आयाळ काळी.
हे शब्द मी वडिलांच्या तोंडून ऐकलेले,
रंग त्यांच्या मागे उभे आहेत हे माहीत नव्हतं.

मग ती सांगत गेली, मी कालवत गेले.
थोडा पिवळा. नाही, एवढा नाही.
उकळलेल्या चहाचं पाणी.
चुलीच्या दारावरची काजळी, करंगळीच्या टोकावर मावेल इतकीच.
बाकीच्यांचे घोडे केव्हाच वाळले,
काही हिरवे, एक तर निळा, पाच पायांचा,
आणि आम्ही दोघी वाटीवर वाकलेल्या.
हा?
"हा पळून आल्यावरचा आहे, घामेजलेला.
उभा असतानाचा कर."

उभा असतानाचा केला.
तिनं मान हलवली. मला पगारवाढ मिळाल्यासारखं झालं.

संध्याकाळी तिचा भाऊ आला न्यायला.
कागद ओला, वाळेपर्यंत ती थांबेना.
दोन्ही हातांत आडवा धरून भावाच्या पुढ्यात बसली,
घोड्यानं माशी उडवायला मान झटकली
आणि चित्र सपशेल त्याच्या मानेला चिकटलं.

मी फडकं घेऊन धावले.
चिमगे कागद उलटून बघत होती,
अर्धा घोडा पुसला गेला होता,
म्हणजे अर्धा घोडा मानेला लागलेला असणार.

ओलं शोधत मी मानेवरून हात फिरवला.
तळव्याला रंग लागला.
घोड्यावर मात्र कुठेच दिसेना.