पाण्यातली पारख

आई जायफळं पाण्यात टाकायची.
बुडतं ते सकस, तरंगतं ते पोकळ.
गूयाव्हच्या गोदामात तीस वर्षं
एवढीच पारख.

आजी सांगायची, ग्रेनेडाच्या उत्तर कड्यावरून
बेटाची पहिली माणसं समुद्रात उतरली,
पाठीला फ्रेंच बंदुका. ती बुडाली.
गलबतं तरंगत राहिली.

मग आणखी गलबतं. एकाच्या पोटात
आजीच्या आजीची आई,
जिचं नाव वहीत नाही,
किंमत आहे, आणि दातांची मोजणी.
फ्रेंच गेले, इंग्रज आले.
ऊस तोच, कोयता तोच,
शिव्या तेवढ्या नव्यानं शिकाव्या लागल्या.

जायफळही बोटीतूनच आलेलं.
त्यानंही मूळ धरलं, आमच्यासारखं,
कुणी न विचारता.

चौऱ्याहत्तरचा फेब्रुवारी. संप. गोदी बंद,
वीज नाही, दुकानात पीठ नाही.
मध्यरात्री किल्ल्यावर जुनं निशाण उतरलं.
घरी रॉकेलचा दिवा.
बाबा म्हणाले, "क्लोटिल्ड, झालो वाटतं स्वतंत्र?"
"हळू बोला, पोर झोपलंय."
मी जागी होते.

सकाळी नवं निशाण दिसलं,
कडेच्या हिरव्यात एक जायफळ, उकललेलं,
आत लाल जायपत्री.
आई बराच वेळ बघत राहिली:
शिवणाऱ्यानं कधी हातात धरलं असेल का हे?

मग कामावर निघाली, संप असूनही.
गोदामाला कुलूप.
ॲप्रनच्या खिशात एक जायफळ उरलं होतं.
बंदराच्या पायरीवर बसून
तिनं ते पाण्यात टाकलं
आणि वाकून पाहिलं.